पुण्याजवळ होडीत बसून सहकुटुंब पक्षी-प्राणी कुठे पाहता येतील?

तुम्ही लिहिलंय की एका दिवसात जाऊन येता येईल असं ठिकाण हवं, होडी किंवा कनू हवी, मुलं सहा आणि दहा वर्षांची आहेत, आणि बरोबर सासूबाई येणार, ज्यांचे गुडघे दुखतात. शिवाय 'खरंच काहीतरी दिसायला हवं, नुसतं पाणी बघून परत यायचं नाही' अशीही अट आहे. या शेवटच्या अटीला धरूनच उत्तर देते. भिगवणला जा. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्यावर, कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावरून मच्छिमाराची होडी करा. स्वतः वल्हवायची कनू यावेळी तरी राहू द्या.

कनूचं आधी उरकते. पवना आणि मुळशीच्या काठावर कॅम्पवाले कयाक देतात. लाइफ जॅकेट घालून मुलांना तासभर पाण्यात खेळू देतात, आणि मुलांना ते भिगवणपेक्षा जास्त आवडू शकतं, याची मनाची तयारी ठेवा. पण तिथे पाणपक्षी मोजकेच दिसतात. ती धरणं सह्याद्रीच्या दऱ्यांत आहेत, काठ तीव्र उताराचे, चार पावलांत पाणी खोल. चिखलात चोच घालून खाणाऱ्या पक्ष्याला उभं राहायलाच जागा नाही. भीमेचं खोरं इंदापूरकडे सपाट आहे, म्हणून उजनीचं पाणी पसरट होत जातं आणि काठाला लांबपर्यंत घोट्याएवढं, गुडघ्याएवढंच राहतं. फ्लेमिंगोसारख्या लांब पायांच्या पक्ष्यांना नेमकं तेच लागतं. दुसरं म्हणजे, वल्हं तुमच्या हातात असलं की निम्मं लक्ष वल्ह्यावर आणि निम्मं धाकट्यावर. दुर्बीण गळ्यातच राहते.

आता कधी जायचं. इथे बहुतेकांचं चुकतं, कारण 'हिवाळ्यात जा' एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं. उजनीचं धरण तिकडे भीमानगरला, टेंभुर्णीच्या अलीकडे. १९८० साली ते पूर्ण झालं, जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाशी राखून ठेवायचं पाणी. म्हणून तर सोलापूरकडची माणसं 'उजनी प्लसमध्ये आली', 'उजनी मायनसमध्ये गेली' असं बोलतात. उपयुक्त साठा संपला आणि पाणी मृतसाठ्यात उतरलं की मायनस. याचा तुमच्या सहलीशी थेट संबंध आहे. पाऊस चांगला झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरण शंभर टक्के भरलेलं असतं, पाणी शेतांच्या बांधाला टेकलेलं असतं आणि चिखलाची मैदानं सगळी बुडालेली असतात. मग रब्बीचं आवर्तन सुटतं, कालव्यांना पाणी जातं, पातळी हळूहळू उतरते आणि काठची दलदल उघडी पडायला लागते. फ्लेमिंगो उथळ पाण्यातच चरतात, त्यामुळे ते काठाजवळ येणार ते दलदल उघडी पडल्यावर. म्हणजे जाण्याआधी हवामानापेक्षा पेपरात उजनीची टक्केवारी बघा. डिसेंबरात धरण काठोकाठ असेल तर बदकं आणि हंस भरपूर मिळतील, पण फ्लेमिंगोंसाठी जानेवारीची अखेर किंवा फेब्रुवारी धरा. पाऊस कमी झालेल्या वर्षी ते लवकरही दिसतात. होडीवाल्याला आदल्या आठवड्यात फोन करून 'आलेत का, आणि कुठल्या बाजूला आहेत?' एवढं विचारा. तो सरळ सांगतो. 'दोन दिवस थांबा ताई, अजून पलीकडच्या काठाला आहेत' असं सांगणारा होडीवाला मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

रस्ता सोपा आहे. सोलापूर हायवेने हडपसर, लोणी, उरुळी, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ आणि पुढे भिगवण, साधारण शंभर किलोमीटर. पाणी हायवेच्या डाव्या हाताला. सूर्योदयाला काठावर असायला हवं, म्हणजे हडपसरच्या पुढे राहत असाल तर पहाटे पावणेपाचला निघा, कोथरूड-बावधनकडचे असाल तर आणखी अर्धा तास आधी. मुलं गाडीत झोपतील. उशिरा निघून साडेनऊला पोचण्यात अर्थ नाही. तोवर ऊन पाण्यावरून डोळ्यांत यायला लागतं, वारा सुटतो आणि पाच-सहा होड्या एकाच थव्याभोवती फिरून आलेल्या असतात. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा, मुलांच्या शाळेला एक दांडी परवडते.

आता मुख्य गोष्ट. भिगवणची सहल चांगली होते की वाया जाते हे एकाच क्षणावर ठरतं: होडीवाला इंजिन कधी बंद करतो. बऱ्याच होड्यांना मोटर असते आणि काठापासून लांबच्या थव्यापर्यंत जायला ती लागतेच. पण थवा दिसायला लागला की मोटर बंद व्हायला हवी आणि पुढचं अंतर बांबूने रेटत, तेही सरळ थव्याच्या अंगावर न जाता तिरकं, कापायला हवं. निघण्याआधीच, भाव ठरवताना, हे बोलून घ्या: 'आम्हाला उडवून दाखवू नका, आम्हाला खाताना बघायचेत.' काही पर्यटक स्वतःच मागणी करतात की होडी थव्यात घाला, सगळे एकदम उडाले पाहिजेत, व्हिडिओ काढायचाय. फ्लेमिंगो उडतात तेव्हा पंखाखालचा लाल-काळा रंग उघडतो आणि ते देखणं दिसतं हे खरं. पण त्या जड पक्ष्याला उडायला पाण्यावर बरंच अंतर पळत जावं लागतं. सकाळच्या चार तासांत दहा वेळा उठवलं तर त्याने खायचं कधी? आणि तुमच्याही हातात काय येतं, तर दहा सेकंदांचा व्हिडिओ आणि रिकामं पाणी.

मागच्या हिवाळ्यात आमच्याबरोबर सासरे होते. होडीवाला तिशीतला, आधी सगळा मासेमारीवर आणि आता हंगामात पर्यटकांवर. त्याने बरंच लांब असतानाच मोटर बंद केली, तर सासरे म्हणाले, 'अहो, अजून जवळ घ्या की.' तो म्हणाला, 'आजोबा, ती मान वर करून बघतायत ना, म्हणजे आपल्याला ओळखलंय. आता पाच मिनिटं गप बसायचं. परत खायला लागली की चार हात पुढं घेतो. परत माना वर आल्या की परत थांबायचं.' आणि त्याने तसंच केलं. बांबू चिखलात रोवून त्याला टेकून उभा राहिला, मुलांना खुणेने खाली बसवलं. थोड्या वेळाने एकेक मान खाली गेली. त्यानंतर अर्धा-पाऊण तास आम्ही जे बघितलं ते उडण्याच्या व्हिडिओत येत नाही.

फ्लेमिंगो खाताना डोकं उलटं करतो. चोचीची वरची बाजू खाली आणि खालची वर, अशी ती पाण्यात धरतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर ढकलतो. चोचीच्या कडेला बारीक दातेरी झालर असते, तिच्यात शेवाळ आणि किडे-कोळंबीसारखे बारीक जीव अडकतात. हे खाणं मिळावं म्हणून तो जागच्या जागी पाय आपटत गोल फिरतो, म्हणजे तळाचा गाळ ढवळून वर येतो. आमच्या मुलीला ते पायाने चिखल मळणं इतकं आवडलं की घरी आल्यावर बादलीत उभी राहून तेच चाललं होतं. पिसांचा गुलाबी रंग याच खाण्यातल्या रंगद्रव्यांतून येतो. थव्यात काही मळकट करडे दिसतील, ते आजारी नाहीत, पिल्लं आहेत, रंग चढायला त्यांना काही वर्षं लागतात. आपल्याकडे येणाऱ्या या मोठ्या फ्लेमिंगोंची वीण कच्छच्या रणात होते. पुस्तकात त्यांना रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. काठावर मात्र सगळे फ्लेमिंगोच म्हणतात, तेव्हा रोहित शोधायला आलोय असं सांगून होडीवाल्याला कोड्यात टाकू नका.

फ्लेमिंगो नाहीच दिसले तरी वाईट वाटून घेऊ नका, असं मी तुम्हाला सांगीन, पण सहा वर्षांच्या मुलाला ते पटणार नाही. म्हणून घरूनच त्याला दुसरं काहीतरी शोधायला द्या. पट्टेरी डोक्याचे हंस द्या. डोक्यामागे दोन काळ्या पट्ट्या, दुर्बिणीतून सहज ओळखू येतात, आणि हे पक्षी मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात हे कळलं की दहा वर्षांच्या मुलाचे डोळे मोठे होतात. चक्रवाक द्या, विटकरी-केशरी अंगाचं मोठं बदक, बहुधा जोडीने असतं. शेकाट्या तर काठावरूनच दिसेल, काळे-पांढरे अंग आणि काडीसारखे लाल पाय. मोठ्याला उघड्या चोचीचा करकोचा बघायला लावा. त्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते, आणि त्याच चोचीने तो शंखातली गोगलगाय सफाईने काढून खातो. चमच्या, रंगीत करकोचा, राखी बगळा, हळदी-कुंकू बदक, पाणकावळे, थापट्या, काळेभोर वारकरी, हे सगळे एका फेरीत सापडायला हरकत नाही. नशीब असेल तर मासे पकडणारी मोठी शिकारी घार, म्हणजे ऑस्प्रे, पाण्यावर झडप घालताना दिसते. ती एखाद्या वाळक्या खोडावर बसून मासा फाडत असेल तर होडी तिथेच थांबवा आणि पुढे जायची घाई करू नका. दुर्बीण घरात एकच असेल तर दुसरी उसनी आणा. दोन मुलं आणि एक दुर्बीण म्हणजे पक्ष्यांच्या आधी भांडण उडेल.

कुरव मात्र तुम्हाला शोधावे लागणार नाहीत, तेच तुम्हाला शोधत येतील. लोक त्यांना शेव, फरसाण, कुरकुरे टाकतात आणि ते होडीमागे ओरडत फिरतात. मुलं मागे लागतील, 'आई, आपण पण टाकूया.' टाकू देऊ नका. खाऊची पिशवी गाडीतच ठेवलीत तर वादच होत नाही.

पाण्याबद्दल एक सांगून ठेवते, म्हणजे तिथे गेल्यावर नाक मुरडायची वेळ येणार नाही. काही ठिकाणी पाणी हिरवट दिसेल, वासही येईल. पवना मुळेला मिळते, मुळा आणि मुठा संगमावर एक होतात, मुळा-मुठा पुढे दौंडकडे भीमेला मिळते, इंद्रायणी त्याआधी तुळापूरला. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड जे काही नदीत सोडतं ते शेवटी इथेच येऊन साठतं. तक्रार करायची तर आपण आपल्याच बेसिनकडे बघून करायची. मुलांना पाण्यात हात घालू देऊ नका, आणि होडीतून उतरल्यावर खाण्याआधी साबणाने हात धुवा.

सुरक्षेचं थोडं कडक बोलते. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, मुलांच्या मापाचं, आणि बक्कल लावून. नुसतं खांद्यावर अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं. मुलांच्या मापाचं आहे का, हे फोनवरच विचारा. नसेल तर दुसरी होडी शोधा. काठावर पाणी गुडघाभर असलं तरी मधला भाग जुन्या नदीच्या पात्राचा आहे आणि तो खोल आहे. वाऱ्याचा विषय तर हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती पर्यटकांची होडी नव्हती, रोजच्या ये-जा करणाऱ्या माणसांची होती. हिवाळ्यातली सकाळ त्यामानाने शांत असते, पण उन्हाळ्यात एप्रिल-मेच्या दुपारनंतर पाण्यात मुळीच जाऊ नका, मग होडीवाला कितीही 'काही होत नाही' म्हणो. आणि होडीत फोटोसाठी कुणी उभं राहायचं नाही, मोठ्या माणसांनी तर नाहीच.

सासूबाईंचं काय, हा तुमचा खरा प्रश्न असावा. होडीत बसणं त्यांना जड जाणार नाही, चढणं-उतरणं जाईल. काठ चिखलाचा असतो आणि होडी हलते. होडीवाल्याला आधी सांगितलं तर तो दगडी किंवा कडक जागेला होडी लावतो आणि एक पाय आत, एक बाहेर असा उभा राहून हात देतो. घरून जाडसर उशी न्या, कारण बसायला बहुधा आडवी फळी असते आणि दोन तासांत तिचा चांगलाच हिसका बसतो. त्यांना मध्यभागी बसवा, टोकाला नको. कानटोपी आणि स्वेटर त्यांच्यासाठीच नाही, तुमच्यासाठीही. जानेवारीत पहाटे पाण्यावरचा गारवा पुण्यातल्या गारव्याहून बोचतो आणि दहा वाजता तेच ऊन चटके देतं. नऊवारी किंवा साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीचं, पण हे सासूबाईंना तुम्ही सांगायचं की तुमच्या यजमानांनी, ते घरच्या घरी ठरवा. पाण्यावर स्वच्छतागृह नाही, तेव्हा होमस्टेवर जाऊनच होडीत चढा. कुंभारगावात आता बरेच होमस्टे झालेत, चहा-पोहे मिळतात, आणि आधी सांगितलं तर परतल्यावर पिठलं-भाकरी तयार असते. भाव होडीमागे आहे की माणशी, आणि किती तासांचा, हेही तेव्हाच पक्कं करा. कुंभारगावला आणि डिकसळला वेगवेगळे भाव ऐकू येतील, सुट्टीच्या दिवशी आणखी वेगळे.

होडीतून जाताना पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसतील. कचरा समजून उचलायला जाऊ नका, खाली जाळी लावलेली असतात. या धरणात गावंच्या गावं गेली. पळसदेवचं जुनं मंदिरही पाण्यात आहे, धरण खूप खाली गेलं की उन्हाळ्यात ते वर येतं आणि लोक बघायला जातात. गप्पा मारणारा होडीवाला मिळाला तर त्याच्या आजोबांचं घर कुठल्या पाण्याखाली आहे ते विचारा. मोठ्या मुलाला ती गोष्ट पक्ष्यांपेक्षा जास्त लक्षात राहील.

तुमच्या प्रश्नात 'प्राणी' हा शब्दही आहे, आणि पाण्यावर प्राणी फारसे दिसणार नाहीत. मुलांना चार पायांचं काहीतरी हवंच असेल तर परतताना दोन पर्याय आहेत. चौफुल्याहून मोरगाव रस्त्याला सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं माळरान, पण चिंकारा तिथे हमखास म्हणावा इतका दिसतो. दुसरा पर्याय इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडीचं गवताळ रान. तिथे चिंकाऱ्यांबरोबर लांडगे, खोकड आणि तरसही आहेत, पण लांडगा दिसायला नशीब आणि संध्याकाळची वेळ दोन्ही लागतात. वनविभागाने तिथे सफारी सुरू केली आहे, आधी बुकिंग करून जा. पहाटे पावणेपाचला उठलेल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन दोन्ही एका दिवशी मात्र करू नका. एकतर सुपं करा नाहीतर रात्री कुंभारगावला मुक्काम टाका.

जेवणाचं शेवटी, कारण यजमान हाच प्रश्न पहिला विचारतील. मासे खात असाल तर भिगवणला हायवेवर माशांची हॉटेलं आहेत आणि उजनीची चिलापी तव्यावर कुरकुरीत तळलेली तिथे खावी, काटे मोठे असल्यामुळे मुलांनाही जमते. मरळ मिळाली तर रस्सा मागवा. शाकाहारी असाल तर होमस्टेवरच जेवून निघा, हायवेवर पाटसपर्यंत धड काही मिळेल याची खात्री मी देणार नाही.